शोकेसमधली वही

वय झालं की राग निवतो म्हणे. कोणाचा निवतो ते मला आणून दाखवा. माझं सत्तरीच्या पुढे गेलंय, रोज सकाळी मेहरूणच्या तलावाला फेरी मारते, बीपीची गोळी घेते, सुना-नातवंडांशी गोड बोलते, आणि तरी परवा कुठल्याशा कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'ग्रंथालय समाजाच्या दारी' एवढे तीन शब्द वाचले आणि डोकं असं फिरलं की चहा ओट्यावर तसाच राहिला. म्हटलं बाई, आता लिहूनच टाक. नातू म्हणतो, आजी, तू टाईप करतेस की कोणाला मारतेस? अरे, मी धुळ्याच्या टायपिंग क्लासमध्ये शिकलेली आहे. तिथं मशीनच असं होतं की मारल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही.

तो क्लास आमच्या घराच्या बरोब्बर खाली होता. वर आमच्या दोन खोल्या, खाली बारा मशिनी. सकाळी सहाला पहिली बॅच बसली की जमीन थरथरायची, फळीवरची पितळी ताटं किणकिणायची, आणि आई भाकरी थापता थापता त्या ठेक्यावरच थापायला लागायची, तिला कळायचंही नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. नाना, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांच्या हातांना ऑइलचा वास, तो साबणानं जायचा नाही. ते जेवायला बसले की ठेच्याचा, तेलाचा आणि डेपोचा असा मिळून एक वास घरभर व्हायचा. मला आजही गॅरेजवरून जाताना भूक लागते. घरात बोलणं सगळं अहिराणी. मी मात्र कॉलेजात गेल्यापासून शहरी मराठी बोलायचे आणि त्याबद्दल रोज टोमणे खायचे. नाना म्हणायचे, "मडम उनी रे, सरका बठ्ठा!" मॅडम आली, सरका सगळे.

क्लासमध्ये मी सगळ्यात फास्ट. म्हणून शिकता शिकताच कॉलेजच्या ग्रंथालयात मला टायपिस्टचं काम मिळालं. तिथं तेव्हा नवीन विभाग निघाला होता, जुन्या कागदपत्रांचा. गावोगावी लोकांच्या घरात, माळ्यावर, पेट्यांमध्ये जे जुनं लिहिलेलं पडलंय ते आणायचं, जपायचं, आणि लोकांना बघायला खुलं ठेवायचं. लोकांना! हा शब्द मी माझ्या हातानं टाईप केलाय, पत्रकाच्या शंभर प्रतींवर. कार्बन घालून घालून बोटं निळी झाली होती. आणि मी मूर्ख, मला ते सगळं खरं वाटलं. मी त्या विभागाच्या अशी प्रेमात पडले की घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, तुमच्याकडे काही जुनं आहे का हो?

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे भाट आले. आता लहान मुलांना भाट म्हणजे काय ते सांगावं लागतं. दोन-चार वर्षांतून एकदा हे म्हातारे राजस्थानकडून यायचे, त्यांना आम्ही भाटबाबा म्हणायचो. त्यांच्याकडे लाल कापडात बांधलेली एक लांबलचक वही. आमच्या आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांतल्या कुळांची अख्खी वंशावळ तिच्यात. घोंगडी अंथरायची, वहीला हळदकुंकू लावायचं, भाटबाबांना जेवू घालायचं, मग ते मोठ्यानं, सुरावर वाचायचे, पार मूळ पुरुषापासून. मधूनच कुठून सुरू करायचं नाही, हा त्यांचा कायदा. सगळं वाचून झालं की मगच नवीन जन्म, नवीन लग्नं वहीत चढायची. अक्षर त्यांच्या घराण्याचं, ना मोडी ना देवनागरी. त्यांच्याशिवाय ते कोणाला वाचता यायचं नाही.

त्या वेळी ते दमले होते. म्हणाले, मुलगे ट्रक चालवतात, वही कोणी हातात घेत नाही, उंदीर खातील एक दिवस. झालं! मी उडीच मारली. म्हटलं, भाटबाबा, आमच्या ग्रंथालयात द्या. कपाटात राहील, वाळवी नाही, उंदीर नाही. तुम्हाला पाहिजे तेव्हा काढून मिळेल, आणि ज्याला आपलं नाव बघायचंय तो येऊन बघेल. ते म्हणाले, "बेटी, तू बोलतेस ना?" मी म्हटलं, मी बोलते. माझं वय वीस. माझ्या शब्दावर त्या माणसानं चौदा पिढ्या माझ्या हातात ठेवल्या.

ग्रंथपाल साहेबांनी वही उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, भाटबाबांच्या नावच्या पावतीवर सही केली आणि मला कार्ड सांगितलं, "टाईप करा. धार्मिक हस्तलिखित. लिपी अज्ञात. सामान्य वाचकांसाठी नाही." मी म्हटलं, साहेब, धार्मिक नाही, वंशावळ आहे. आणि लिपी अज्ञात नाही, ज्यांची आहे ते स्टँडवर चहा पीत बसलेत, बोलावू का? ते म्हणाले, "तुम्ही टायपिस्ट आहात ना?" आणि मी टाईप केलं. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पावसाळा संपता संपता अक्का घरी आली. अक्का म्हणजे नानांची एकुलती एक बहीण, वेणू. लहानपणी लग्न झालं, पहिला नवरा वर्षात गेला, मग काही वर्षांनी दुसऱ्याशी पाट लागला. पाटाचं लग्न म्हणजे पत्रिका नाही, वाजंत्री नाही, चार माणसांसमोर साडी-बांगड्या दिल्या, झालं. पण संसार पंधरा वर्षं केला हो. शेतात राबली, सासूचं केलं, मूल झालं नाही त्याचं ऐकून घेतलं. आता हा दुसरा नवराही गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जेठानं, म्हणजे थोरल्या दिरानं, तिचं गाठोडं ओट्यावर ठेवलं. म्हणाला, ही कोण? हिचं लग्नच झालेलं नाही, भावानं ठेवलेली बाई होती. घरात वाटा नाही, शेतात नाही. जे चार साक्षीदार होते त्यातले दोन वारले, दोन जेठाच्या बाजूचे.

अक्का आमच्याकडे आली ती रडत नव्हती. दोन दिवस तिनं नुसतं घर झाडलं. झाडलेलं परत झाडलं. खाली मशिनी खडखडत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काय वं पोरी, हाई रोजच वाजस का?" मी म्हटलं, रोज. तर म्हणे, "चांगलं शे. मनातलं आयकू येत नही."

तहसीलला वारसाची सुनावणी लागली. तिथला अव्वल कारकून त्यातल्या त्यात सरळ माणूस. नानांना म्हणाला, तुमच्यात भाट येतो ना? पाटाचं लग्नसुद्धा तो चढवतो. त्याच्या वहीतला उतारा आणा, वही जिथं असेल तिथला सही-शिक्का आणा, मी पुढे ठेवतो. नाना घरी येऊन हे सांगायला लागले आणि माझा घास हातातच राहिला. वही कुठं होती? माझ्या टेबलापासून सात पावलांवर, कपाटात!

दुसऱ्या दिवशी मी धावतच साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "ती वही संशोधकांसाठी आहे."

"साहेब, संशोधक म्हणजे कोण?"

"ज्याच्याकडे विभागप्रमुखांचं पत्र आहे."

"माझ्या आत्याचं घर चाललंय."

"मग कोर्टात जा. हे ग्रंथालय आहे. उद्या बठ्ठं खेडं इथं येऊन बसेल." साहेब तसे शुद्ध बोलणारे, पण खेड्याचं नाव काढलं की 'बठ्ठं' म्हणायचे, आमची टिंगल करायला. मी बाहेर आले तर शिपाई दगाभाऊ दारात उभे. ते हळूच म्हणाले, "पोरी, पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे. त्या दिवशी दार सगळ्यांना उघडं असतं. मलाच उघडायचंय."

प्रदर्शन! दरवर्षी एकदा व्हायचं. झेंडूची तोरणं, गालिचा, पुण्याहून पाहुणे, आणि दारावर कापडी फलक, ग्रंथालय समाजाच्या दारी. तो मजकूरही मीच टाईप करून पेंटरला दिलेला. भाटबाबा तेव्हा अमळनेरकडच्या गावांत फिरत होते, मी त्यांना तिकडे पत्र टाकलं. पोचेल की नाही, पोचलं तर येतील की नाही, मला झोप नाही. आदल्या दिवशी ते अमळनेरहून एसटीनं उतरले, डोक्याला नवीन पागोटं बांधून. आईनं त्यांना शेवभाजी केली. त्यांनी अक्काला ओळखलं. म्हणाले, "तुझा पाट मी चढवला आहे बेटी. तुझ्या धन्यानं मला धोतर दिलं होतं." अक्का पहिल्यांदा रडली ती तेव्हा. रडली म्हणजे काय, डोळे पुसले आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

सकाळी आम्ही चौघं गेलो. नानांनी डेपोतून सुट्टी काढली होती. हॉलमध्ये काचेच्या शोकेस मांडलेल्या, मधोमध आमची वही, उघडून ठेवलेली, खाली मखमल, शेजारी ते माझंच कार्ड. पाहुणे वाकून बघत होते, साहेब सांगत होते, "अत्यंत दुर्मिळ, सर. बहुधा मंत्रविद्या असावी." भाटबाबा पुढे गेले. काचेला नाक लावलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. आणि भर हॉलमध्ये म्हणाले, "अरे, उलटी ठेवली माय!"

उलटी. डोकं खाली, पाय वर. सहा महिने ज्यांच्या ताब्यात होती त्यांना तिचा वरचा भाग कोणता हेही माहीत नव्हतं. भाटबाबांचा आवाज आयुष्यभर सुरावर वाचलेल्याचा, तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. पोरं हसली. पाहुणे सरळ झाले. म्हणाले, "यांना वाचता येतं का हे?" साहेब म्हणाले, "नाही नाही, सर, कोणी खेडूत आहे." आणि मी, इतके महिने गिळलेली मी, ओरडले, "वही त्यांची आहे! त्यांनीच दिलीय! तुम्ही पावतीवर सही केलीय!" माझा आवाज चिरकला. मला आजही तो तसाच ऐकू येतो. दगाभाऊंनी काही न विचारता खिशातली किल्ली काढली आणि शोकेस उघडली.

पाहुण्यांसमोर साहेबांना नाही म्हणता येईना. ते म्हणाले, "ठीक आहे, तेवढी एक नोंद दाखवा आणि ठेवा परत." भाटबाबा गालिच्यावरच मांडी घालून बसले. अक्कानं पदराच्या टोकाला बांधून आणलेलं हळदकुंकू काढलं. साहेब ओरडले, "डाग पडेल!" तोवर वहीला बोट लागलेलं. आणि भाटबाबांनी सुरू केलं, मूळ पुरुषापासून.

"अहो, मधलं, मधलं वाचा ना!" साहेब म्हणाले.

"मधलं कसं वाचू? झाडाला मधूनच पाणी घालता का तुम्ही?"

"मग मनातल्या मनात वाचा. हे वाचनालय आहे."

"मनातल्या मनात वाचलं तर कोण ऐकणार?"

भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि तिच्या खाली तो म्हातारा खणखणीत आवाजात बापाचा बेटा, बेट्याचा बेटा वाचतोय. कोण कोणत्या गावाहून उठला, कुठं विहीर खोदली, कोणी बैल विकत घेतले, कोण पटकीत गेला. पहिल्यांदा पोरं मजा बघत होती. मग एक कापडणे गावचा मुलगा उठला, "अरे, हे तर आमचं घराणं!" आणि तो येऊन गालिच्यावर बसला. मग आणखी एक. मग चहावाला कपांचा ट्रे घेऊनच उभा राहिला. पाऊण तास चाललं ते. मी आयुष्यात इतकी वाचनालयं पाहिली, पण एका पुस्तकाभोवती इतकी माणसं परत कधी पाहिली नाहीत.

मग जेठाचं नाव आलं. मग त्याच्या धाकट्या भावाचं. भाटबाबा थांबले, अक्काकडे पाहिलं आणि सावकाश वाचलं, "परणला पाटानं, अमुक गावच्या अमुक पाटलाची बेटी." परणला म्हणजे लग्न लागलं. गाव आमचं. नाव माझ्या आजोबांचं. नानांनी भिंतीला पाठ टेकली. झालं, मिळालं! मी टाळीच वाजवली.

अक्का म्हणाली, "आनि मनं नाव?"

"हेच ना. पाटलाची बेटी म्हणजे तूच."

"वेणू कोठे लिखेल शे?"

भाटबाबा म्हणाले, बायांची नावं नसतात बेटी, बापाचं असतं, रीत आहे.

"मना बाप मरीसन वीस वर्सं झायात. सासरले तो नांदना का मी नांदनी?"  अक्का पुढे म्हणाली, "बैलस्ना नावं शेतस तठे. मी आयकं. ढवळ्या-पवळ्या शेतस. आते तुम्ही अठेच शेतस, वही शे, दौत शे. चढाई द्या."

भाटबाबांची मान खाली. "रीत मोडता येत नाही बेटी." आणि मला वाटलं, आता तरी साहेब काही बोलतील, शिकलेला माणूस आहे. बोलले. म्हणाले, "आणि तसंही संग्रहातल्या वस्तूवर काही लिहिता येत नाही. नियम आहे." तासापूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे, आणि माझ्या आत्याचं नाव लिहायचं म्हटल्यावर बघा कसे एक झाले! मी भाटबाबांवर रागावले, साहेबांवर रागावले, नानांवरही रागावले, कारण नाना मला म्हणत होते, "ऱ्हाऊ दे ना आते, काम झायं ना." काम झालं. उतारा मी तिथंच मशीनवर बसून काढला, भाटबाबा सांगत गेले, मी बडवत गेले. पाहुणे उभे होते म्हणून साहेबांनी सही केली, शिक्का मारला. तो शिक्का मारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

निघताना दारातल्या टेबलावर अभिप्रायाची वही होती. दगाभाऊंनी सवयीनं अक्कापुढे पेन धरलं आणि जीभ चावली. अक्कानं विचारलं, हे काय? म्हटलं, प्रदर्शन बघून काय वाटलं ते लिहायचं, खाली नाव. वरती पाहुण्यांनी लिहिलं होतं, स्तुत्य उपक्रम. अक्का म्हणाली, "मंग लिख. मी सांगस." मी लिहिलं, तिच्याच भाषेत, एक अक्षर न बदलता: "वही देखी. तिन्हामा मना बाप शे, नवरा शे, जेठ शे, जेठना बैल शेतस. मी नही. वेणूबाई." मग शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवून तिनं असा दाबला की टेबल हललं.

तहसीलला तो उतारा चालला. अक्का तिच्या घरात गेली, जेठाच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खणांत, आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. पण मी सोमवारी कामावर गेले आणि अभिप्रायाची वही उघडली तर ते पान नव्हतं. ब्लेडनं कापलेलं, पट्टी लावून, अगदी सरळ. मी केबिनमध्ये गेले. विचारलं, पान कुठंय? साहेब म्हणाले, "ती बाई वाचक नव्हती. तिचा अभिप्राय कसा ठेवणार?" जुने कागद जपायला बसवलेला माणूस हा! मी परत येऊन मशीनसमोर बसले आणि कागद न घालताच कितीतरी वेळ रोलर बडवत राहिले. आई म्हणाली, सोड ती नोकरी. नाही सोडली. का सोडू?

कारण प्रदर्शनाची गोष्ट गावागावात गेली होती. पाहुण्यांनी जाताना साहेबांना सगळ्यांसमोर बजावलं होतं की या म्हाताऱ्यांना वाचायला येऊ द्या, म्हणून भाटबाबा हिवाळाभर धुळ्यातच राहिले आणि बाजाराच्या दिवशी वाचनालयात येऊन बसायला लागले. बाजार आटोपून माणसं यायची, पिशव्या, टोपल्या, मेथीच्या जुड्या घेऊन, आणि गालिचा नव्हता तर नुसत्या फरशीवर बसायची. अशीच एकदा एक म्हातारी आली. डोक्यावर पाटी, हातात चपला काढून घेतलेल्या. माझ्या टेबलाशी वाकून तिनं हळूच विचारलं, "बाई, अठे बायास्ना नावं शेतस का वं?"

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि जेवढा होता तेवढ्या आवाजात म्हटलं, "नाहीत माय! एकीचंही नाही! पण तू बस, आणि सगळं ऐकून जा!" केबिनचं दार आतून लोटलं गेलं. म्हातारीनं पाटी खाली ठेवली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.